मी पाठवलेली चिठ्ठी

नोकरीतून निवृत्त होऊन लातूरला राहायला आले, तेव्हापासून माझ्याकडे बायकांचं येणंजाणं असतं. ज्यांची बाळंतपणं मी केली, त्यांच्या मुलीही आता लेकुरवाळ्या झाल्यात. त्या पाया पडतात आणि सोबतच्या पोरांना सांगतात, ‘या बाईंनी लई माणसं वाचवली.’ मी मान खाली घालते. त्यांना वाटतं, बाईंना स्वतःची तारीफ आवडत नाही. खरं कारण मी त्यांना कधीच सांगितलेलं नाही. ते इथं लिहिते. नावं कुणाचीच घालत नाही, हे जिथं घडलं त्या गावाचंही नाही.

निजामाचं राज्य होतं, त्याची शेवटची वर्षं. आमचं घर नांदेडचं, वडील शाळेत मास्तर. अकराव्या वर्षी माझं लग्न झालं आणि पंधराव्या वर्षी मी विधवा होऊन घरी परत आले. वडिलांनी मन घट्ट करून मला हैदराबादला बायकांच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकायला पाठवलं. त्यावरून नातेवाइकांनी आमच्याकडे पाणी पिणं सोडलं. विधवा बाई, परगावी, परक्यांत राहते म्हणजे काय काय करत असेल, हे लोक माझ्यासमोर बोलत. त्याचा परिणाम असा झाला, की मी फार कडक झाले. पांढरं पातळ, बंद गळ्याचं पोलकं, कुणाशी हसणं नाही, कुणाची थट्टा खपवून घेणं नाही. दुसऱ्या एखाद्या बाईचं पाऊल वाकडं पडलेलं दिसलं, की मला आतून एक प्रकारचं बरं वाटे. हे आज लिहायला नको वाटतं, पण तसंच होतं.

पहिली नेमणूक झाली ती नांदेडहून किनवटकडे जाणाऱ्या रेल्वेवरच्या एका तालुक्याच्या गावी. कौलारू दवाखाना, बायकांसाठी सहा खाटा, पुरुषांसाठी आठ. डॉक्टरसाहेब हैदराबादचे, मवाळ माणूस, बोलणं सगळं उर्दूत. बायकांच्या खोलीत माझ्या हाताखाली एक आया होती. पन्नाशीची मुसलमान बाई. तिला सगळे खाला म्हणत, मीही म्हणायची. तिचा नवरा रेल्वेत डबे जोडणारा खलाशी होता. दोन डब्यांच्या मध्ये सापडून तो गेला, आणि तेव्हापासून ती दवाखान्यात कामाला होती.

कापूस वेचणीचे दिवस होते. डॉक्टरसाहेब सात कोसांवरच्या एका गावी पटकीच्या सुया टोचायला गेले होते. सकाळी दहाच्या सुमारास चार माणसांनी एक बाज उचलून आणली. बाजेवर गोधडीत गुंडाळलेली बावीस-तेवीस वर्षांची पोरगी. कपाळ पांढरं, हात मोकळे, म्हणजे विधवा. पुढं तिची सासू आणि सगळ्यात मागं, खाली मान घालून, दीर.

“काय झालं?” मी विचारलं.

“घरातच पडली वो बाई,” सासू म्हणाली. “उंबऱ्याला पाय आडकला.”

मी गोधडी बाजूला केली. कंबरेखालचं लुगडं रक्तानं चिंब झालं होतं. उंबऱ्याला अडखळून पडलेल्या बाईचं असं रक्त जात नाही. मी सासूकडे बघितलं. “खरं बोला.”

“माळवदावरून पडली,” ती म्हणाली. “दाळ वाळू घालायला गेलती.”

दीर पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. मी विचारलं, “हिचा नवरा कधी वारला?”

“दोन वरसं झाली.”

मला सगळं कळलं, असं मला वाटलं. विधवा पोरगी, खालून रक्त, घरच्यांच्या दोन मिनिटांत दोन तऱ्हा. हैदराबादला पोट पाडायला काडी घालून आलेल्या दोन पोरी मी मरताना बघितल्या होत्या. त्यांच्याही घरचे असेच पडल्याचं सांगत. पोरीचा चेहरा राखेसारखा झाला होता, कपाळावर गार घाम, नाडी इतकी बारीक आणि जलद की मोजता येईना. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, “बाई, चाक... चाक गेलं वो अंगावरून.”

“भ्रमात हाय ती,” सासू म्हणाली.

सासूवर माझा विश्वास नव्हता. पोरीवर तर त्याहूनही नव्हता.

“किती महिन्यांचं होतं?” मी सासूला विचारलं. हळू विचारलं नाही. ओसरीवर बाज आणणारे चौघं उभे होते, औषधाला आलेल्या दोन बायका बसल्या होत्या, दाराशी चपराशी होता. सगळ्यांनी ऐकलं. सासूनं पदर तोंडाला लावला आणि गप्प राहिली. ‘नाही’ म्हणाली नाही, ‘होय’ही म्हणाली नाही. त्या गप्प राहण्याचा अर्थ मला दुपारी कळला. माझ्या प्रश्नानं तिचा लेक सुटत होता.

असं प्रकरण आलं की पोलीस चौकीला कळवायचं, असा दवाखान्याचा नियम होता. डॉक्टरसाहेब आल्यावर कळवलं असतं तरी चाललं असतं. पण मी टेबलाशी बसून उर्दूत चिठ्ठी लिहिली, अमुक गावची अमुक बेवा, पोट पाडल्याचा शक आहे. रजिस्टरातही तेच लिहिलं. एका माणसाला सायकलवरून डॉक्टरसाहेबांकडे पिटाळलं आणि चपराशाला चिठ्ठी देऊन चौकीला.

मग आत जाऊन पोरीला तपासायला घेतलं. तिचे गुडघे वर करून पाय फाकवले. ती अशी किंचाळली, की ओसरीवरची माणसं उठून उभी राहिली. खालून रक्ताचा एकदम लोट आला. आणि मी तिला म्हणाले, “आता ओरडून काय उपयोग?”

हे वाक्य मी म्हणाले. दुसऱ्या कुणी म्हटलेलं नाही.

खाला गरम पाणी घेऊन आली होती. भिजलेलं लुगडं काढायला म्हणून तिनं पोरीच्या डाव्या अंगाचं कापड कात्रीनं कापलं आणि थांबली.

“बाई, इधर देखो.”

डाव्या खुब्यापासून ओटीपोटापर्यंत तिरपा, चार बोटं रुंद, काळानिळा पट्टा उमटला होता. त्यात रस्त्याची माती होती आणि गाडीच्या आसाचं काळं वंगण. चाकाच्या लोखंडी धावेची कड कातडीवर स्पष्ट उठली होती. मी फक्त समोरून बघितलं होतं. बाजूनं बघितलंच नव्हतं. खालानं दोन्ही खुब्यांवर अगदी अलगद हात ठेवले आणि लगेच काढून घेतले.

“हड्डी हिल रई. हिलाओ नक्को इसकू. मेरे मरद का ऐसाच हुआ था. रेल्वे के डॉक्टर ने चादर से बांधा था, बाद में लोगां उठाये गाडी में डालने कू, और खतम.”

आता सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं. आम्हाला शिकवलं होतं. वर्गात डॉक्टरीणबाईंनी सापळ्यावर दाखवून सांगितलं होतं, की ओटीपोटाभोवतीचं हाडांचं कडं मोडलं, की आतल्या शिरा फाटतात, बाहेर दिसतं त्याच्या कितीतरी पट रक्त आत साठतं, आणि पाय जितके फाकवाल तितकं कडं उघडतं. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. आणि पाच मिनिटांपूर्वी मी त्या पोरीचे पाय फाकवले होते.

खालानं चादरीची लांब घडी केली. पोरीला न उचलता, कंबरेच्या खोलगट जागेतून ती घडी सरकवत सरकवत खुब्यांखाली नेली. कंबरेला नाही, त्याच्या खाली, मांड्या जिथं सुरू होतात तिथं. एका बाजूनं तिनं ओढलं, दुसऱ्या बाजूनं मी. दोघींनी सगळा जोर लावून गाठ मारली. गुडघ्यांत कापडाची घडी ठेवून गुडघे बांधले, घोटे बांधले. आतली जखम उकळलेल्या कापडाच्या पट्टीनं भरली. खाटेच्या पायगतीखाली विटा घातल्या, अंगावर तीन घोंगड्या टाकल्या. ती सारखी पाणी मागत होती. खाला ओलं फडकं तिच्या ओठांना लावत होती.

बांधत असतानाच खाला म्हणाली, “चपराशी कू बुला लेव बाई. चिठ्ठी गयी ना.”

बायकांच्या खोलीच्या खिडकीतून रस्ता दिसे. कोपऱ्यावरच्या पानवाल्याशी चपराशी उभा होता. विडी ओढत होता आणि हातवारे करून काहीतरी सांगत होता.

“आधी हे,” मी म्हणाले.

म्हणणं बरोबर होतं. रक्त थांबवणं आधीच करायचं असतं. पण बांधून झालं, नाडी थोडी हाताला लागू लागली, तरी चपराशी तिथंच होता. वीस-पंचवीस पावलं. मी खिडकीतून हाक मारली असती, तरी आला असता. पण हाक मारली असती, तर ओसरीवरच्या सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं असतं, की बाईंचं चुकलं. मी तिथं उभी राहून त्याची विडी संपताना बघितली. मग तो चौकीकडे गेला.

तीनच्या सुमाराला डॉक्टरसाहेब घोड्यावरून आले. घामानं भिजलेले. हात धुऊन सरळ पोरीकडे. चादर सोडली नाही. बोटानं गाठ चाचपून बघितली आणि विचारलं, “किसने बांधा?”

“मी, साहेब,” मी म्हणाले.

“शाबास. बच गई तो इसी से बचेगी.”

खाला माझ्या मागं भांडं घेऊन उभी होती.

साहेबांनी पोरीच्या घोट्याजवळ शीर उघडून काचेच्या बाटलीतून मिठाचं पाणी सोडलं. म्हणाले, हैदराबादेत आता एका माणसाचं रक्त दुसऱ्याला देतात, इथं तसली काही सोय नाही. नांदेडला न्यायचं तर रेल्वेपर्यंत पुन्हा बाजेवर घालावं लागेल, आणि त्या हिसक्यांत ती जाईल. म्हणून इथंच ठेवू, बाकी अल्ला.

तेवढ्यात चौकीचे अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन आले. गणवेश बघताच दिरानं ओसरीवरच बसकण मारली आणि रडत सगळं सांगून टाकलं. पहाटे शिंदी पिऊन तो कापसाची गाडी हाकत होता. भावजय गाडीच्या कडेनं चालत होती. बैल बुजले, ती खाली गेली आणि भरल्या गाडीचं चाक तिच्या अंगावरून गेलं. आईनं सांगितलं होतं, गाडीचं नाव काढू नको, बेड्या पडतील.

डॉक्टरसाहेबांनी रजिस्टर मागवलं. मी लिहिलेलं खोडून ‘गाडीखाली सापडून अपघात’ असं लिहिलं आणि सही केली. मला एका शब्दानं बोलले नाहीत. अमीनसाहेबांनी माझी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. दिराला घेऊन गेले, चार दिवसांनी सोडला. कागदावरचं सगळं दुरुस्त झालं.

पोरगी वाचली. पहिले आठ दिवस आम्ही रोज ‘आज जाते’ असंच धरून चाललो होतो. ताप चढला, जखमेला वास आला. साहेबांनी लढाईमुळं मिळेनाशा झालेल्या सल्फाच्या गोळ्या नांदेडहून मागवल्या. हळूहळू ताप उतरला. मग खाटेवर बांबूचा मांडव उभा केला, नवारीची रुंद पट्टी तिच्या खुब्यांखालून घेऊन वर टांगली, बाजूंना विटांची वजनं लावली. त्या झोळीत ती दोन महिने होती. तिचं हगणंमुतणं, अंग पुसणं, वेणीफणी सगळं खालानं केलं. खाला तिला बेटी म्हणायची. तिची दखनी ऐकून पोरगी हसायची आणि हसताना हाड दुखलं की “हसवू नका वो खाला” म्हणून ओरडायची. मी आत गेले की दोघी गप्प होत.

पोरीच्या जातीत विधवेचा पाट लागत असे, म्हणजे दुसरं लग्न होई. धर्माबादकडच्या एका बिजवराशी तिचं ठरत आलं होतं. पोरगी झोळीत असतानाच त्याचा थोरला भाऊ दवाखान्यात आला. भला माणूस. पागोटं हातात घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला.

“बाई, बाजारात काहीबाही बोलून राहिले लोक. तुमी सोता बघितलंय. खरं काय ते सांगा. तुमी म्हणाल ते मी मानंल.”

एवढंच हवं होतं. ‘गाडीखाली सापडली. दुसरं काही नव्हतं. ती अफवा माझ्यामुळं उठली.’ तीन वाक्यं. माझ्या तोंडून निघालं ते असं, “रजिस्टरात अपघात लिहिलेला आहे. दवाखान्यातल्या गोष्टी आम्हाला बाहेर सांगायची मनाई आहे.”

“समजलं बाई,” तो म्हणाला आणि गेला. त्याला काय समजलं हे मला कळत होतं. मी त्याला मागं बोलावलं नाही.

पाट मोडला. दोन महिन्यांनी पोरगी काठी धरून उभी राहिली, तेव्हा सासरचं कुणी न्यायला आलं नाही. सासूनं निरोप पाठवला, असली सून आम्हाला नको. जिला खरं काय ते पहिल्यापासून ठाऊक होतं, तिनंच. माहेरी म्हातारा बाप, त्याचाही निरोप आला, गावात तोंड दाखवायला जागा नाही.

मी डॉक्टरसाहेबांना सांगून तिला दवाखान्यात मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. लोक म्हणाले, बाई कडक असली तरी मनाची मोठी. ती खालाच्या शेजारच्या खोलीत राहू लागली. चुली वेगळ्या, पण ओटा एक. डावा पाय आखूड झाला होता, चालताना झुकायची. पण कामाला वाघीण. दीड-दोन वर्षं अशी गेली.

एके दिवशी आम्ही दोघी पट्ट्या गुंडाळत बसलो होतो. ती म्हणाली, “बाई, एक इचारू? माझ्यावर ते बालंट पयल्यांदा आणलं कुणी? सासू म्हणती, मी न्हाई, दवाखान्यातूनच उठलं.”

ती त्या दिवशी शुद्धीत नव्हती. माझा प्रश्न तिनं ऐकला नव्हता, आणि खालानं तिला कधी सांगितला नव्हता. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी म्हणाले, “खाला काहीतरी बोलली होती चपराशाजवळ. तिच्या मनात वाईट नव्हतं. निघून गेलं तोंडातून.”

का म्हणाले? चपराशाचं नाव घेता आलं असतं. कुणाचंच न घेता आलं असतं. पण तिनं ‘दवाखान्यातून’ म्हणताच जे पहिलं नाव तोंडात आलं ते मी पुढं केलं. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं यात काही नाही.

पोरीच्या हातातली पट्टी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना सांगून दुसऱ्या टोकाची खोली मागून घेतली. खालाशी कामापुरतं बोलू लागली, मग तेवढंही नाही.

खाला माझ्याकडे आली. “बाई, बच्ची मेरे से बात नई करती. मैं क्या करी? तुम पूछो ना.”

“मला काय माहीत,” मी म्हणाले.

मग निजामाचं राज्य गेलं. त्या आगेमागे दिवस वाईट होते. काल एका ओट्यावर बसणारी माणसं एकमेकांना बघून दारं लावून घेत होती. खालाचा मुलगा हैदराबादहून आईला न्यायला आला. गाडीला वेळ होता. खाला खांद्यावर बोचकं घेऊन बायकांच्या खोलीच्या दाराशी थांबली. पोरगी फरशी पुसत होती.

“जाती बेटी,” खाला म्हणाली.

पोरीनं मान वर केली नाही. फडकं पुढंमागं फिरवत राहिली. खाला थोडी थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि गेली. मी तिथंच होते. त्या खोलीत त्या वेळी खरं ठाऊक असलेली मी एकटी होते.

पुढं माझ्या बदल्या होत होत मी लातूरकडच्या एका दवाखान्यात आले. पोरीलाही बदली करून आणलं. आता तिला पोरगी म्हणणं बरं नव्हे, केस पिकायला लागले होते, पण माझ्या मनात ती पोरगीच राहिली. तिथं एके दिवशी एका कोवळ्या मुलीला रक्त जातंय म्हणून आणलं. नवी नर्स ओसरीवर सगळ्यांदेखत तिच्या आईला विचारू लागली, “लग्न झालंय का? मग किती दिवस गेलेत?” मी अशी संतापले, की त्या नर्सला सगळ्यांसमोर वाटेल ते बोलले. ती बिचारी रडतच निघून गेली.

संध्याकाळी कपड्यांच्या खोलीत पोरगी आणि मी चादरींच्या घड्या करत होतो. ती म्हणाली, “बाई, येवढा राग कशापायी आला तुमाला? माझ्या येळी खालानं असंच म्हणलं व्हतं म्हणून?”

“खालानं म्हटलं नव्हतं,” मी म्हणाले. “मी म्हणाले होते. ओसरीवर. चौकीला चिठ्ठीही मीच पाठवली. तू विचारलंस तेव्हा मी खोटं सांगितलं. चाकाची खूण खालानं बघितली. चादर बांधायचं तिनंच सुचवलं. तू जगलीस ती तिच्यामुळं.”

ती ओरडली नाही. चादरीची घडी पुरी करून ढिगावर ठेवली.

“माझं झालं ते झालं,” ती म्हणाली. “पाट मोडला, घर गेलं, समदं जुनं झालं. पर ती म्हातारी दारात हुबी व्हती आन् मी वर बघितलं न्हाई. तुमी बघत व्हता.”

“हो.”

“तवा बी बोलला न्हाईत.”

“नाही.”

“कागद आना,” ती म्हणाली. “मला लिवता येत न्हाई. तुमाला उर्दू येती. मी सांगते तसं लिवा.”

मी कागद-दौत आणली. ती उभी राहिली, मी बसले. तिनं सांगितलं ते मी उर्दूत लिहीत गेले. खाला, मी लातूरकडं हाय. पाय बरा हाय. तुमी माझ्यासाठी जे केलं ते मला आज कळलं. मी तुमच्याशी बोलणं सोडलं, कारण माझ्यावर बालंट तुमी आणलं असं मला सांगितलं. ते तुमी बोलला नव्हता. बाई बोलल्या व्हत्या.

पुढचं वाक्य मी लिहिलं आणि तिनं विचारलं, “काय लिवलं? वाचा.”

मी वाचलं, “बाई से गलतफहमी हुई.”

“गलतफहमी म्हंजे?”

“गैरसमज.”

“गैरसमज न्हाई,” ती म्हणाली. “खोटं. तुमी खोटं सांगितलं. खोटं लिवा.”

मी गलतफहमी खोडून झूट लिहिलं. ती वाकून त्या अक्षरांकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिली. मग म्हणाली, “खाली तुमचं बी नाव घाला.” मी घातलं.

खालाच्या मुलाचा पत्ता आमच्या पहिल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून मिळवला. महिनाभरानं उत्तर आलं. मुलानं लिहिलं होतं, अम्मीला दिसत नाही, पण ऐकू येतं. पत्र दोनदा वाचून घेतलं आणि रडली. म्हणते, बच्चीला एकदा पाठवा. म्हणते, थंडीत हाड दुखत असेल, तिळाच्या तेलात ओवा तापवून लावत जा. तेवढंच. माझ्याविषयी त्यात एक अक्षर नव्हतं. मी पत्र उलटून मागची बाजूही बघितली.

पोरीनं पंधरा दिवसांची रजा मागितली. मी मंजूर केली. एवढ्या लांबच्या रेल्वेत ती आधी कधी बसली नव्हती, एकटीच गेली. रजा संपल्यावर परत आली आणि कामाला लागली. हैदराबादला काय बोलणं झालं, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझ्या निवृत्तीपर्यंत ती माझ्या हाताखाली होती. कामात कधी कसूर नाही, पण कामाबाहेरचा शब्द नाही.

आता तीही इथंच, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. पाया पडायला येणाऱ्या बायकांत ती नसते. कधी भाजीबाजारात समोर आली, तर थांबते आणि विचारते, “बरं हाय का बाई?” मी बरं आहे म्हणते. मग ती पाय झुकवत पुढं जाते, आणि माफीचा जो शब्द मला अजून तिच्याशी बोलायचा असतो, तो मी भाजीवालीसमोर बोलू शकत नाही.